संडूर: गंजलेल्या समुद्राचे डोंगर

सोलापूरहून मंगळूरला निघालेला जुना १३ क्रमांकाचा महामार्ग धरा. विजापूर, इलकल करत होस्पेट गाठा आणि संडूरकडे वळा. थोड्याच वेळात रस्त्याकडेची माती लाल दिसू लागते आणि समोर डोंगरांची लांबलचक रांग उभी राहते. पावसाळ्यात ती इतकी हिरवी असते, की पोटात लोखंड आणि मँगनीज आहे हे पटत नाही.

वाटेवरचा एखादा दगड उचलून बघा. वाटतो त्यापेक्षा चांगलाच जड लागेल. त्यावर आडवे पट्टे असतात. एक पोलादी काळा, एक विटकरी, पुन्हा काळा. कुठे बोटाएवढा जाड, कुठे नुसती रेघ. हा समुद्रतळाचा गाळ आहे, सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीचा! तेव्हा हवेत प्राणवायू नव्हताच म्हणा ना, त्यामुळे लोखंड चहातल्या साखरेसारखं समुद्रात विरघळून राहायचं. उथळ पाण्यातले सूक्ष्म जीव उन्हाच्या बळावर प्राणवायू सोडू लागले, तसं ते लोखंड गंजून तळाशी बसत गेलं, असं बरेच भूवैज्ञानिक मानतात. पट्टे नेमके कसे पडले यावर त्यांचे वाद अजून चालूच आहेत. आपल्या सोलापूरचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे यापुढे शेंबडं पोरच.

आजूबाजूचा मऊ खडक झिजला, हा चिवट खडक डोंगर होऊन उरला. नारीहळ्ळ नदीने मात्र त्यालाही कापून उब्बळगंडी आणि भीमगंडी या दोन खिंडी पाडल्या. तिथल्या जांभळट तांबड्या भिंतींखाली उभं राहिलं, की पाण्याच्या चिकाटीपुढे हात टेकावे लागतात.

संडूर हे पूर्वी घोरपड्यांचं मराठी संस्थान होतं. इथलं डोंगरावरचं कुमारस्वामीचं प्राचीन देऊळ राजांनी १९३२ साली दलितांना खुलं केलं. १९३४ मध्ये गांधीजी येऊन कौतुक करून गेले. खाणकाम विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. पुढे बेकायदा उपसा इतका माजला, की २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बळ्ळारी जिल्ह्यातल्या खाणी थांबवल्या. नंतर मर्यादा घालून काम सुरू झालं.

म्हणजे खाणी संपल्या नि पर्यटन आलं, असं सरळ गणित इथे नाही. एका उतारावर यंत्रं, दुसऱ्यावर पाठीवर पिशव्या टाकून निघालेली ट्रेकर मंडळी. जायचं तर सप्टेंबरात जा, खाणींच्या कुंपणात शिरू नका, खनिजाच्या ट्रकना वाट द्या आणि पांढरे बूट घरीच ठेवा.