तीन लोंब्यांची गोष्ट

आमच्या शाळेच्या कुंपणाला लागून पॉइन्सेटियाचं एक झाड आहे. वर्षभर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण थंडी पडली, की शेंड्याकडची पानं लालभडक होतात आणि मग येणारा-जाणारा थांबून विचारतो, "ही कोणती फुलं हो?" गेल्या डिसेंबरात मात्र गंमत झाली. झाडाची शाळेकडची बाजू लाल झाली आणि सडकेकडची हिरवीच राहिली. चौथीतल्या एका मुलीनं ते सगळ्यांत आधी पाहिलं.

"मॅडम, हे झाड अर्धंच काऊन लाल झालं?"

मुलांनो, तुम्ही काय उत्तर दिलं असतं? वर्गात कुणी म्हणालं, ऊन कमी लागतं. कुणी म्हणालं, त्या बाजूला बकऱ्या खातात. (बकऱ्या या झाडाच्या वाटेला सहसा जात नाहीत. फांदी मोडली की पांढरा चीक येतो. तो डोळ्यांत जाऊ देऊ नका, बरं का!) खरं कारण होतं सडकेवरचा दिवा. पॉइन्सेटियाला लाल व्हायला काळोख लागतो. रोज बारा तासांहून मोठी, सलग रात्र, आणि तीही काही आठवडे. म्हणून तर तो हिवाळ्यात रंगतो. दिव्याचा उजेड ज्या फांद्यांवर पडत होता, त्यांच्यासाठी रात्र झालीच नव्हती!

आणि ती लाल पानं म्हणजे फुलंही नव्हेत. ती फुलांभोवतीची पानंच, त्यांना सहपत्रं म्हणतात. खरी फुलं मधोमध असतात, हिरवट-पिवळी, मणी ओवल्यासारखी, अगदी बारीक.

इतकं सांगून मी सुटले असं वाटलं, तर दुसरा प्रश्न आलाच. "रोपवाटिकेत पांढरा पॉइन्सेटिया असते, गुलाबी पण असते. तो कुठून आला?"

हा प्रश्न मोठा होता. पॉइन्सेटिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. तिथं अमेरिकेचे वकील म्हणून गेलेले जोएल पॉइन्सेट यांनी १८२८ च्या सुमारास त्याची रोपं आपल्या देशात पाठवली आणि झाडाला त्यांचं नाव चिकटलं. ते रानातलं झाड चांगलं माणसापेक्षा उंच वाढणारं, लांबलचक फांद्यांचं. आज कुंडीत बसणारी बुटकी, भरगच्च, पांढरी, गुलाबी, ठिपक्याठिपक्यांची जी रोपं दिसतात, ती माणसांनी निवडून निवडून तयार केलेली आहेत.

त्याचे मुख्य रस्ते दोन. एक म्हणजे दोन झाडांचा संकर. एका झाडाच्या फुलातले परागकण कुंचल्यानं उचलायचे, दुसऱ्या झाडाच्या फुलावर लावायचे. फळ धरलं तर त्यात तीन बिया मिळतात. त्या पेरायच्या आणि रंग यायची वाट बघायची. भावंडं कशी एकसारखी नसतात, तशीच ही रोपंही नसतात. शेकडो रोपांतून एखादं पसंत पडतं, बाकीची टाकून द्यायची. दुसरा रस्ता नशिबाचा. लाल झाडावर कधी एखादीच फांदी गुलाबी किंवा पांढरी निघते. त्या फांदीच्या पेशींत आपोआप बदल झालेला असतो. ज्याला ती दिसली, त्यानं तिचा तुकडा कापून मातीत खोवला, की झालं नवीन झाड. बी पेरलं तर रंग टिकेलच असं नाही, पण फांदीतून वाढवलेलं झाड हुबेहूब आपल्या आईसारखं असतं.

"मग हे काम कोण करते?" मी विचारलं.

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "शास्त्रज्ञ!" पांढरा कोट, चष्मा, काचेची नळी, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे असणार. तेव्हा मी त्यांना दादाजींची गोष्ट सांगितली. तीच आता तुम्हाला सांगते.

आपल्या वणीहून वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो. नदीच्या अलीकडे आपला कापसाचा आणि तुरीचा मुलूख. पलीकडे पूर्वेला जात राहिलं की कापूस मागे पडतो आणि धानाच्या बांध्या दिसू लागतात. तिथं नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं लहानसं गाव आहे. (मराठवाड्यातलं मोठं नांदेड ते वेगळं. पत्रावर नुसतं 'नांदेड' लिहिलं तर पत्र तिकडे जायचं!) या गावात दादाजी रामाजी खोब्रागडे राहत. शाळा तिसरीपर्यंत झालेली. जमीन थोडी, दीड एकराच्या आसपास. घरात श्रीमंती कधी आलीच नाही.

१९८३ साल. दादाजींनी बांधीत 'पटेल-३' जातीचं धान लावलं होतं. पीक पिकायला आलं तेव्हा त्यांना त्यात तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्यांचा रंग जरा पिवळसर.

आता तुम्ही धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून बघा. हजारो लोंब्या वाऱ्यावर एकाच वेळी हलत असतात. सगळ्या सारख्याच दिसतात. त्यात तीनच लोंब्यांचा रंग किंचित वेगळा आहे, हे कुणाला दिसेल? आणि दिसलं तरी बहुतेक जण म्हणतील, भेसळ झाली असेल, जाऊ द्या. कापणीत त्या तीन लोंब्या बाकीच्यांबरोबर गेल्या असत्या, खळ्यावर मळल्या गेल्या असत्या आणि कुणाच्या तरी भातात शिजून संपल्या असत्या. दादाजींनी त्या तोडल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी जपून ठेवल्या.

पुढच्या वर्षी त्यांनी ते मूठभर दाणे वेगळे पेरले. लहानशा तुकड्यात, आणि जनावरांपासून राखण म्हणून भोवती काट्यांचं कुंपण. धान आलं. दाणा बारीक निघाला. मग त्यातलेच चांगले दाणे निवडून पुढच्या वर्षी पुन्हा पेरले. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. अशी पाच-सहा वर्षं गेली. तुम्ही पहिलीत असताना सुरू झालेलं काम सहावीत गेलात तरी चालूच आहे, असं समजा. शिजवून पाहिलं तर भातही चवीला चांगला.

इथं तुम्हाला एक शंका यायला हवी. पॉइन्सेटियाच्या बिया पेरल्या तर रोपं वेगवेगळी निघतात, मग दादाजींचं धान बियांपासून वाढवूनही सारखं कसं राहिलं? याचं उत्तर धानाच्या फुलात आहे. धानाचं फूल अगदी थोडा वेळ उघडतं आणि बहुतेक वेळा त्याचे परागकण त्याच फुलात पडतात. याला स्वपरागण म्हणतात. बाहेरच्या झाडाचा गुण आत शिरायला फारसा वाव नसतो. म्हणून वेगळी लोंबी एकदा सापडली आणि दरवर्षी काळजीपूर्वक निवड केली, तर काही वर्षांत सगळी बांधी एकसारखी होते. त्या तीन लोंब्या वेगळ्या का झाल्या? एखाद्या दाण्यात आपोआप बदल झाला असेल, किंवा चुकून कधी दुसऱ्या जातीचा पराग लागला असेल. निसर्ग असे बदल सारखे करत असतो. ते दिसणारा माणूस तिथं हवा.

आपल्या कापसाचं गणित वेगळं आहे. संकरित कापसाची जगातली पहिली बाजारात आलेली जात म्हणजे 'एच-४'. ती १९७० साली गुजरातेत सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी काढली. तिथं दोन जातींचा मुद्दाम संकर करतात. फुलातले पुंकेसर संध्याकाळी हातानं काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचा पराग लावायचा. एकेका फुलाला हात लावावा लागतो! या बियाण्याचं पीक जोमदार येतं, पण त्याची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर पीक पहिल्यासारखं येत नाही. म्हणून जून आला की तुमचे बाबा बियाण्याची पाकिटं आणायला बाजारात जातात. दादाजींच्या धानाचं तसं नव्हतं. शेजाऱ्यानं पायलीभर बियाणं नेलं, की ते पुढे त्याच्या घरचंच झालं.

आणि नेलंच लोकांनी. गावातल्याच एका मोठ्या शेतकऱ्यानं १९९० च्या सुमारास ते चार एकरांत लावलं. धान भरघोस झालं. ते विकायला नेलं तेव्हा व्यापाऱ्यानं विचारलं, या जातीचं नाव काय? नाव तर काहीच नव्हतं! त्या काळी एच.एम.टी.ची घड्याळं फार प्रसिद्ध होती. लग्नात जावयाला एच.एम.टी. दिलं म्हणजे मान राखला, असं समजत. व्यापाऱ्यानं धानाला तेच नाव देऊन टाकलं. पुढे घड्याळं करणारी ती कंपनी बंद करायचा निर्णय २०१६ साली झाला. तांदूळ मात्र चालूच आहे. तुमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात जाऊन 'एचएमटी आहे का?' असं विचारा. दुकानदार घड्याळ नाही, तांदूळच दाखवेल.

पाहता पाहता हे धान चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया असं पसरलं, शेजारच्या राज्यांतही गेलं. १९९४ मध्ये सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रानं त्याचं बियाणं नेलं. हे केंद्र अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं. १९९८ मध्ये विद्यापीठानं 'पीकेव्ही-एचएमटी' या नावानं वाण प्रसारित केलं. मूळ बियाण्यात भेसळ होती, आम्ही ते शुद्ध केलं, असं विद्यापीठाचं म्हणणं. दादाजींचं म्हणणं, जात तर माझ्याच बांधीत निघाली, मग माझं नाव कुठं आहे?

हा भाग सांगितला तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला. मग मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "मॅडम, हे म्हणजे माझी वही घेऊन त्यानं सुवाच्य अक्षरात उतरवली आन् वर त्याचं नाव टाकलं." मी म्हटलं, सुवाच्य उतरवायलाही मेहनत पडते, ती नाकारता येत नाही. बियाणं शुद्ध करणं हे खरोखरच कष्टाचं काम आहे. पण वहीवर पहिलं नाव कुणाचं हवं? त्या दिवशी वर्गात यावरून जे भांडण लागलं, ते मधली सुटी झाली तरी मिटलं नाही. मी मिटवलंही नाही. मला स्वतःला विचाराल, तर पहिलं नाव दादाजींचंच.

अशा भांडणांसाठी आपल्या देशात २००१ साली एक कायदा झाला. पिकांच्या जातींचं संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क, असा त्याचा विषय. त्यानुसार शेतकऱ्यालाही आपली जात स्वतःच्या नावावर नोंदवता येते. मात्र जात तीन कसोट्यांना उतरावी लागते. ती इतर जातींपेक्षा वेगळी ओळखू यायला हवी, तिची सगळी रोपं एकसारखी हवीत, आणि पिढ्यान् पिढ्या तिनं गुण बदलता कामा नयेत. आता मागे जाऊन पाहा. दादाजी १९८३ पासून नेमकं हेच करत होते, कायद्याच्या कितीतरी आधी!

नाव पुढे मिळालं. अहमदाबादच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं त्यांचं काम नोंदवलं आणि २००५ मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. २०१० मध्ये 'फोर्ब्स' या मासिकानं देशातल्या प्रभावी ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांना घेतलं. पैसा मात्र आला नाही. घरातल्या आजारपणापायी जमीनही विकावी लागली होती. तरी जाती काढणं थांबलं नाही. नांदेड चिन्नोर, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपक रत्न, डीआरके... ही सगळी त्यांच्याच धानांची नावं. 'डीआरके' म्हणजे दादाजी रामाजी खोब्रागडे. या वेळी नाव ठेवायला त्यांनी व्यापाऱ्याची वाट पाहिली नाही! ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या शोधग्रामच्या दवाखान्यात ते वारले. पेरणीचे दिवस जवळ आले होते.

पालकांना एक सांगायचं आहे. ही गोष्ट ऐकून आमच्या वर्गातली पोरं शेतात जाऊन काहीबाही शोधू लागली आहेत. तुमच्याकडेही तसं झालं, तर रागावू नका. फक्त फवारणी झालेल्या शेतात त्यांना जाऊ देऊ नका.

आमच्यापैकी एकाला त्याच्या आजोबांच्या वावरात तुरीचं एक झाड सापडलं. आजूबाजूच्या झाडांच्या शेंगा हिरव्या, त्यावर थोडे पट्टे. याच्या शेंगा जवळजवळ काळ्या. त्यानं खोडाला लाल दोरा बांधला आणि आजोबांना बजावलं, "हे झाड सोंगू नका." आजोबांनी ऐकलं. शेंगा वाळल्यावर आम्ही दाणे मोजले, एकूण त्रेचाळीस भरले. वर्गाच्या कपाटात औषधाच्या रिकाम्या बाटलीत ते ठेवले आहेत, थोडी राखही घातली आहे, कीड लागू नये म्हणून.

यात एक अडचण आहे, ती मी मुलांना सांगून टाकली. तूर धानासारखी नाही. तिच्या फुलांवर मधमाश्या फिरतात आणि इकडचा पराग तिकडे नेतात. म्हणजे या त्रेचाळीस दाण्यांतून सगळी काळ्या शेंगांचीच झाडं येतील असं नाही. येतील तितकी येतील. ज्यांना काळ्या शेंगा लागतील, त्यांच्याच दाण्यांचं बियाणं ठेवायचं आणि त्याच्या पुढच्या हंगामात फुलोऱ्यावर मलमलीच्या पिशव्या बांधायच्या, असं ठरलं आहे. पिशव्या कुणाची आई शिवून देणार, यावर मात्र अजून एकमत नाही.