इंग्लंडमध्ये भाड्याचं घर: डिपॉझिट पाच आठवड्यांचं, मग एजंट जास्त का मागतो?

सप्टेंबर आणि जानेवारीत आपल्याकडची कितीतरी मुलं-मुली मास्टर्स करायला इंग्लंडला जातात. व्हिसा, फी, तिकीट यांचा हिशोब घरचे महिनोन्‌महिने करत असतात. घराचं डिपॉझिट मात्र शेवटच्या आठवड्यात समोर येतं, आणि तेही एजंटच्या ईमेलमधून: इतके पौंड आज संध्याकाळपर्यंत पाठवा, नाहीतर घर दुसऱ्याला जाईल. इकडे अब्बा अम्मीचं सोनं मोडतात किंवा मामूंकडून उसने घेतात आणि पैसे पाठवून देतात. त्यातले किती पैसे मागण्याचा त्या एजंटला खरोखर हक्क होता, हे विचारायला कुणाला वेळच नसतो.

कोकणातल्या मुस्लिम कुटुंबांचा इंग्लंडशी संबंध तर काही पिढ्यांचा आहे. तिथे आपले भाडेकरू आहेत तसे घरमालकही आहेत. म्हणून दोघांच्याही उपयोगी पडेल अशा रीतीने आम्ही हा कायदा इथे मांडत आहोत. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंडमध्ये डिपॉझिटची मर्यादा दोन महिन्यांच्या भाड्याची आहे, आणि वेल्सचा कायदा वेगळा आहे.

कायदा काय सांगतो?

इंग्लंडमध्ये ‘टेनंट फीज ॲक्ट 2019’ हा कायदा 1 जून 2019 पासून नव्या करारांना आणि 1 जून 2020 पासून जुन्या करारांनाही लागू झाला. वर्षाचं भाडं 50,000 पौंडांपेक्षा कमी असेल तर डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याइतकं घेता येतं. 50,000 ते 1,00,000 पौंडांच्या दरम्यान असेल तर सहा आठवड्यांचं. विद्यार्थी आणि साधी कुटुंबं ज्या घरांत राहतात, ती जवळपास सगळी पहिल्या गटातच येतात.

घर राखून ठेवण्यासाठी जे पैसे आधी घेतात त्याला ‘होल्डिंग डिपॉझिट’ म्हणतात. त्याची मर्यादा एका आठवड्याच्या भाड्याची. याशिवाय चौकशी फी, क्रेडिट तपासणी, करारपत्राची फी, सामानाची यादी करण्याची फी असं काहीही भाडेकरूकडून घेता येत नाही. कायद्याने जे घ्यायची परवानगी दिली आहे तेवढंच घ्यायचं, बाकी सगळं बंद.

हिशोब असा करा

महिन्याच्या भाड्याला 12 ने गुणा, 52 ने भागा, आणि आलेल्या आकड्याला 5 ने गुणा. समजा भाडं महिन्याला 1,300 पौंड आहे. वर्षाचे झाले 15,600. आठवड्याचे 300. म्हणजे डिपॉझिट जास्तीत जास्त 1,500 पौंड आणि होल्डिंग डिपॉझिट 300 पौंड.

इथेच पहिली गफलत होते. महिना म्हणजे चार आठवडे असं धरून कुणी 1,300 ला 4 ने भागलं तर आठवड्याचे 325 आणि पाच आठवड्यांचे 1,625 पौंड होतात. कागदावर ‘पाच आठवडे’ असंच लिहिलेलं असतं, पण 125 पौंड बेकायदा गेलेले असतात. आकडा स्वतः काढून पाहा.

दुसरी गोष्ट, तिघांनी मिळून एकाच करारावर घर घेतलं असेल तर ही मर्यादा पूर्ण घराची आहे, प्रत्येकाची वेगळी नाही. तिघांकडून प्रत्येकी 1,500 घेता येत नाहीत, तिघांचे मिळून 1,500. प्रत्येक खोलीचा करार वेगळा असेल तर त्या खोलीच्या भाड्यावर हिशोब करायचा.

या उदाहरणात घरात शिरण्यापूर्वी पहिल्या महिन्याचे 1,300 आणि डिपॉझिटचे 1,500 मिळून 2,800 पौंड होतात. आधी दिलेले 300 यातच वळते व्हायला हवेत किंवा परत मिळायला हवेत.

मर्यादेला वळसा कसा घालतात?

बहुतेक एजंट कायदा पाळतात. पण डिपॉझिटचा दरवाजा अरुंद झाल्यावर काहींनी दुसऱ्या खिडक्या उघडल्या. त्या ओळखून असाव्यात.

*आगाऊ भाडं.* ‘तुमचा इंग्लंडमध्ये जामीन नाही, मग सहा महिन्यांचं भाडं आधी द्या,’ हे परदेशी विद्यार्थ्यांना सर्रास सांगितलं जायचं. डिपॉझिटवर मर्यादा होती, आगाऊ भाड्यावर नव्हती, म्हणून ही वाट निघाली. 2025 च्या ‘रेंटर्स राइट्स ॲक्ट’ने 1 मे 2026 पासून तीही बंद केली आहे: करारावर सही होण्याआधी भाडं मागायचं नाही, आणि सही झाल्यावर, राहायला जाण्याआधी, जास्तीत जास्त एका महिन्याचं. विद्यापीठाची वसतिगृहं आणि खास विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या मोठ्या इमारतींचे नियम मात्र वेगळे आहेत, तिथला करार नीट वाचा.

*पहिला हप्ता फुगवणं.* पहिल्या महिन्याचं भाडं 1,800 आणि पुढे 1,300, अशी युक्ती करून जादा डिपॉझिट भाड्यात लपवता येत नाही. वरचे पैसे बेकायदा धरले जातात.

*‘झिरो डिपॉझिट’.* डिपॉझिटऐवजी साधारण एका आठवड्याच्या भाड्याइतकी फी एखाद्या कंपनीला भरायची, अशी ही योजना. ऐकायला स्वस्त वाटते. पण ही फी कधीच परत मिळत नाही, आणि घराचं नुकसान झालं तर ते वेगळं भरावं लागतं. एजंट हा पर्याय सुचवू शकतो, सक्ती करू शकत नाही. शरई बाजूने ज्यांना यात शंका वाटते त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं.

*जामीनदार.* इंग्लंडमधला जामीनदार मागण्याला बंदी नाही. पण अमुक कंपनीलाच पैसे भरून जामीन आणा, अशी जबरदस्ती करता येत नाही. आपल्या नात्यातलं कुणी जामीन राहत असेल तर त्यांनाही एक गोष्ट सांगून ठेवा. तिघांच्या एकत्र करारात बाकी दोघांचं थकलेलं भाडंसुद्धा जामीनदाराच्या अंगावर येऊ शकतं. भाच्यासाठी सही केली आणि त्याच्या मित्रांचं भाडं भरत बसलो, असं व्हायला नको.

*होल्डिंग डिपॉझिट गिळणं.* एका घरासाठी एकाच वेळी अनेकांकडून होल्डिंग डिपॉझिट घेता येत नाही. वेगळी मुदत लेखी ठरली नसेल तर 15 दिवसांत करार व्हायला हवा. घरमालकाने माघार घेतली तर पैसे 7 दिवसांत परत. भाडेकरूने स्वतः माघार घेतली, खोटी माहिती दिली किंवा देशात राहून घर घेण्याच्या हक्काच्या तपासणीत तो बसला नाही, तर पैसे ठेवून घेता येतात, पण त्याचं कारण लेखी द्यावं लागतं. म्हणून व्हिसा हातात नसताना आणि घर नक्की नसताना हे पैसे भरू नका.

पैसे कुठे ठेवलेत, ते विचारा

मराठीत डिपॉझिटला अनामत म्हणतात. हा शब्द आपल्या ‘अमानत’वरूनच आला आहे. ज्याच्याकडे ठेवली त्याची ती मालमत्ता होत नाही, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको. इंग्लंडचा कायदाही इथे याच अर्थाने चालतो.

6 एप्रिल 2007 पासून तिथे डिपॉझिट सरकारमान्य योजनेत नोंदवावं लागतं. अशा तीन योजना आहेत: डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम. पैसे मिळाल्यापासून 30 दिवसांत नोंद करून त्याची माहिती भाडेकरूला लेखी द्यावी लागते. नोंद केली नाही तर भाडेकरू काउंटी कोर्टात जाऊ शकतो, आणि कोर्ट डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम देण्याचा हुकूम करू शकतं. तिन्ही योजनांच्या वेबसाइटवर आपलं डिपॉझिट नोंदलंय का, हे फुकट तपासता येतं. महिन्याभराने पाच मिनिटं काढून ते तपासा.

घर सोडताना

घरात शिरलात त्याच दिवशी प्रत्येक खोलीचे, भिंतींचे, गालिच्याचे, ओव्हनचे फोटो काढा आणि एजंटला ईमेल करा. आधीचा डाग तुमच्या नावावर चढू नये म्हणून एवढं पुरतं. रोजच्या वापराने जी झीज होते तिचे पैसे कापता येत नाहीत. अमुक कंपनीकडूनच पैसे देऊन सफाई करून घ्या, ही सक्तीही चालत नाही. घर जसं मिळालं होतं तेवढंच स्वच्छ करून द्यायचं.

कापाकापी मान्य नसेल तर त्या योजनेकडे वाद नेता येतो. त्याला फी नाही आणि वकील लागत नाही. तिथे नुकसान झालं हे घरमालकाला सिद्ध करावं लागतं. मात्र अर्जाला मुदत असते, म्हणून भारतात परतलो, आता काय, असं म्हणून सोडून देऊ नका. हे काम ईमेलवर होतं. किती परत द्यायचं हे ठरल्यावर 10 दिवसांत पैसे मिळायला हवेत.

आणखी एक. भाडं 14 दिवसांपेक्षा जास्त थकलं तर घरमालक व्याज लावू शकतो. त्या भानगडीत पडायचं नसेल तर पहिल्याच महिन्यात बँकेला भाड्याची कायमची सूचना देऊन ठेवा.

‘आपल्याच माणसाचं’ घर

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. गावच्या ओळखीने खोली मिळते, हातात रोख पैसे दिले जातात, आणि पावती मागायची लाज वाटते. घरमालक त्याच घरात राहत असेल तर भाडेकरूला ‘लॉजर’ म्हणतात. पाच आठवड्यांची मर्यादा लॉजरलाही लागू आहे, पण त्याचं डिपॉझिट योजनेत नोंदवण्याची सक्ती नाही. म्हणजे वाद झालाच तर लॉजरच्या हातात कागदाशिवाय काही नसतं.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवायची ताकीद सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. ती अनोळखी लोकांपुरती नाही. पैसे बँकेतून पाठवा, आणि ‘चाचा, एवढे मिळाले म्हणून एक मेसेज टाका’ असं अदबीने सांगा. भल्या माणसाला त्यात वावगं वाटणार नाही.

तुम्ही घरमालक असाल तर

घरमालकाचीही अडचण असते. भाडेकरूने दोन महिने भाडं थकवलं तर पाच आठवड्यांचं डिपॉझिट कुठे पुरतं? हा प्रश्न खोटा नाही. पण त्याचा इलाज आधी नीट चौकशी करण्यात आणि सामानाची यादी पक्की ठेवण्यात आहे. मर्यादेबाहेर पैसे घेतले तर स्थानिक कौन्सिलकडून हजारो पौंडांचा दंड होऊ शकतो, आणि जादा घेतलेले पैसेही परत करावे लागतात. एजंटने केलं, मला माहीत नव्हतं, असं म्हणून सुटका होईलच असं नाही.

जास्त पैसे गेले असतील तर

आधी एजंटला लेखी लिहा: हिशोब मांडा, कायद्याचं नाव घ्या, जादा रक्कम परत मागा. पुष्कळदा एवढ्यावरच काम होतं. नाही झालं तर प्रत्येक एजंटला एखाद्या तक्रार निवारण योजनेचं सभासद असावंच लागतं, तिथे जा. कौन्सिलच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्स विभागाकडे तक्रार करता येते, आणि पैसे वसूल करायला फर्स्ट-टियर ट्रिब्युनलमध्ये अर्ज करता येतो. विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेत मोफत सल्ला मिळतो. पहिला फोन तिथेच करा.

आपल्याकडे केंद्र सरकारने 2 जून 2021 रोजी आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या डिपॉझिटची मर्यादा आहे. पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि मुंबई-पुण्यात आजही घरमालक म्हणेल तो आकडा मोजावा लागतो. त्या सवयीनेच आपण इंग्लंडच्या एजंटलाही मुकाट्याने पैसे पाठवतो. तिथे आकडा कायद्याने ठरलेला आहे. पैसे पाठवण्याआधी 12 ने गुणा, 52 ने भागा, 5 ने गुणा. आकडा जुळला नाही तर एजंटला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.