मुक्त सर्व्हरची देखभाल – लेखांक ६ : अपडेट झालं, पण लागू झालं का?

मागच्या लेखात आपण बॅकअप घेऊन तो परत उतरवून पाहिला. त्यामुळे आता अपडेटला निर्धास्त हात घालता येईल.

७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएलमधला ‘हार्टब्लीड’ हा दोष जाहीर झाला. बाहेरचा कुणीही सर्व्हरच्या मेमरीतला एका वेळी ६४ केबीपर्यंतचा तुकडा वाचू शकत होता, आणि त्यात पासवर्ड, सर्टिफिकेटच्या खासगी कीसुद्धा सापडू शकत होत्या. डेबियनने तातडीने दुरुस्त पॅकेज दिलं. दुसऱ्याच दिवशी त्याची आणखी एक आवृत्ती आली. तिचं मुख्य काम वेगळं होतं : ओपनएसएसएल वापरणाऱ्या सेवा तपासायच्या आणि त्या रीस्टार्ट करायला सुचवायचं.

हे का करावं लागलं? लायब्ररीची फाइल डिस्कवर बदलली, तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्राम मेमरीतली जुनीच प्रत वापरत राहतो. पॅकेजची यादी नवी आवृत्ती दाखवते, वेब सर्व्हर मात्र जुन्या दोषासकट चालू असतो. कर्नलचंही तसंच. नवा कर्नल बसवला, तरी रीबूट होईपर्यंत जुनाच चालतो. लाइव्ह पॅचिंगची सोय असली तरच काही दुरुस्त्या चालू कर्नलला लागतात.

आता प्रत्येक घराण्याची रीत पाहू. डेबियन-उबुंटूत ‘एपीटी अपडेट’ फक्त यादी ताजी करतं. पॅकेजं बदलतात ती ‘एपीटी अपग्रेड’ने. कोणत्या सेवा जुन्या कोडवर अडकल्या आहेत, हे ‘नीडरीस्टार्ट’ सांगतं. सुरक्षेचे अपडेट आपोआप हवे असतील, तर ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ आहे. रेड हॅट, अल्मा, रॉकी यांच्याकडे ‘डीएनएफ अपग्रेड’ आणि त्यानंतर ‘नीड्स-रीस्टार्टिंग’.

फ्रीबीएसडीत परंपरेने दोन वेगळी कामं असतात : मूळ सिस्टिमसाठी ‘फ्रीबीएसडी-अपडेट’, बाहेरून घेतलेल्या पॅकेजांसाठी ‘पीकेजी अपग्रेड’. एकच करून थांबलात, तर अर्धा सर्व्हर जुना राहतो. ओपनबीएसडीत मूळ सिस्टिमचे पॅच ‘सिसपॅच’ लावतं, पॅकेजं वेगळी. तिथे साधारण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि शेवटच्या दोनच आवृत्त्यांना पॅच मिळतात. वर्षभर आवृत्ती बदलली नाही, तर सर्व्हर उघड्यावर पडतो.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. आवृत्ती-क्रमांक जुना दिसला म्हणजे दोष तसाच आहे, असं नसतं. हार्टब्लीडनंतरही डेबियन ७ मधलं ओपनएसएसएल ‘१.०.१ई’च राहिलं. दुरुस्ती त्याच आवृत्तीत घालून फक्त शेवटचं शेपूट ‘डेब७यू५’ असं बदललं होतं. याला बॅकपोर्ट म्हणतात. म्हणून मुख्य क्रमांकावर निवाडा करू नका. वितरणाची सुरक्षा-सूचना वाचा.

सिस्टिमचा आधारकाळही लिहून ठेवा. सेंटओएस ७चा ३० जून २०२४ रोजी संपला. त्यानंतर ते सर्व्हर चालत राहिले. प्रकल्पाकडून दुरुस्त्या येणं मात्र थांबलं.

या आठवड्यात एवढं कराच : तुमच्या ताब्यातल्या प्रत्येक सर्व्हरचा शेवटचा रीबूट कधी झाला आणि सध्या कोणता कर्नल चालू आहे, हे पाहा. त्यानंतर नवा कर्नल बसला असेल, तर रीबूटची वेळ ठरवा, वापरणाऱ्यांना आधी कळवा आणि ती वेळ पाळा.