आरतीच्या फोटोत काळे पट्टे का येतात?

गणेशोत्सवात हॉलमध्ये आरतीचा फोटो काढावा, तर चेहऱ्यांवर काळसर पट्टे! कॅमेरा बिघडलेला नसतो. आपली वीज ५० हर्ट्‌झची. त्यामुळे चोकवाल्या ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना ते कळत नाही. मोबाइलचा सेन्सर मात्र चित्र ओळीओळीने टिपतो. शटर १/१००० सेकंदाचे असेल, तर काही ओळींना भरपूर उजेड मिळतो, काहींना कमी.

प्रो मोडमध्ये शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. प्रत्येक ओळीला सारखाच उजेड मिळून पट्टे जातात. टाळ्या वाजवणारे हात १/५० ला जास्त पुसट येतात, म्हणून १/१०० बरे. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवा. फोटो थोडा दाणेदार आला तरी चालेल, हललेला चेहरा नंतर सुधारणे कठीण.