विश्लेषण : डिझेल मोटारीचा फिल्टर शहरात का तुंबतो?

घर ते कार्यालय सात-आठ किलोमीटर, तेवढेच परत आणि मध्ये सिग्नल व कोंडी. पुणे, ठाणे, नवी मुंबईतल्या कित्येक डिझेल मोटारींचा दिवस असाच जातो. मग एखाद्या सकाळी डॅशबोर्डवर ठिपके असलेल्या डब्यासारखा पिवळा दिवा लागतो. ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ म्हणून मालक तो विसरून जातो. हा दिवा मात्र थांबण्यातला नाही. सुरुवातीलाच मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास गाडी चालवली तर बहुतेक वेळा एक रुपयाही न खर्चता काम भागते. दुर्लक्ष झाले आणि फिल्टर बदलायची वेळ आली, तर अनेक गाड्यांत खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो.

हा फिल्टर आला कशासाठी?

देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. बीएस-४ मध्ये डिझेल मोटारीला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम सूक्ष्म कण सोडण्याची मुभा होती, ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. त्यासाठी ‘डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर’ म्हणजे डीपीएफ जवळपास अपरिहार्य ठरला. लहान मोटारींना हा खर्च झेपणारा नव्हता. मारुती सुझुकीने त्याच सुमारास डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामागे हेच गणित होते. डिझेलचा धूर मानवात कर्करोग निर्माण करतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले होते. म्हणजे हा फिल्टर कंपन्यांनी गळ्यात मारलेले लोढणे नव्हे.

काजळी जळते कशी?

डीपीएफ म्हणजे मधाच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा. त्यातल्या नळ्या एकाआड एक पुढून आणि मागून बंद असतात, त्यामुळे धुराला भिंतीतून झिरपूनच बाहेर पडावे लागते आणि काजळी मागे अडकते. चहाची गाळणी आपण झटकून रिकामी करतो. ही गाळणी आतली काजळी जाळून रिकामी होते. या प्रक्रियेला ‘रीजनरेशन’ म्हणतात.

महामार्गावर सायलेन्सरकडे जाणारा धूर चांगला तापलेला असतो, त्यामुळे काजळी चालता चालता हळूहळू जळत राहते. शहरात तेवढी उष्णता मिळत नाही. काजळी ठरावीक पातळीला पोहोचली की गाडीचा संगणक नेहमीपेक्षा जास्त डिझेल सोडून फिल्टरचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास नेतो. याला साधारण दहा ते वीस मिनिटे लागतात, आणि घोडे अडते ते इथेच. काम अर्ध्यावर आलेले असताना सोसायटीचे फाटक येते आणि चावी फिरते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अशा अर्धवट प्रयत्नांचा आणखी एक उपद्रव असतो, ज्याकडे फारसे कोणी पाहत नाही. अनेक इंजिनांत हे जादा डिझेल सिलिंडरमध्येच सोडले जाते. त्यातले काही न जळता भिंतीवरून खाली उतरते आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळते. ऑइल पातळ होते, त्याची पातळी वाढते. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर दिसले की ‘भरपूर आहे’ म्हणून खूश होण्याऐवजी ते बदलून घ्यावे. पातळ ऑइलने टर्बो आणि बेअरिंग झिजतात.

चालकाने काय करायचे?

गाडी उभी असताना इंजिनाचे आरपीएम नेहमीपेक्षा थोडे जास्त, मायलेज अचानक कमी, किंचित जळका वास, बंद केल्यावरही फिरणारा पंखा ही रीजनरेशन सुरू असल्याची लक्षणे. अशा वेळी शक्य असेल तर घर ओलांडून एक फेरी जास्त मारावी. दिवा लागलाच, तर मोकळा रस्ता गाठून एक गिअर खाली ठेवावा आणि आरपीएम दोन ते अडीच हजारांदरम्यान राखत वीसेक मिनिटे सलग चालवावे. पुणेकरांना द्रुतगती मार्ग जवळ आहे. मुंबईत मात्र पहाटच गाठावी लागेल. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते. टाकीत पुरेसे डिझेल असू द्यावे, कारण रिझर्व्हला आलेल्या बऱ्याच गाड्या ही प्रक्रिया सुरूच करत नाहीत. आणि या वेळी सायलेन्सर प्रचंड तापलेला असतो. शेतावर वाळलेल्या गवतावर किंवा कडब्याजवळ गाडी उभी करू नये.

दिवा लुकलुकू लागला, इंजिनाचा दिवाही सोबत आला किंवा गाडी ओढेनाशी झाली, तर पळवण्याचा प्रयोग थांबवून सर्व्हिस सेंटर गाठावे. तिथे संगणक जोडून काजळी जाळता येते. पण वारंवार तेच होत असेल तर इंजेक्टर, ईजीआर, टर्बो किंवा दाब मोजणारा सेन्सर तपासायला सांगावे. दर वेळी दोष फिल्टरचाच नसतो. ऑइलही कंपनीने सांगितलेलेच, कमी राख सोडणारे हवे. काजळी जळते, राख जळत नाही; ती लाखाहून अधिक किलोमीटरनंतर फिल्टर उतरवून साफ करावी लागते.

डीईएफ टाकीत भरल्याने फिल्टर साफ होतो, हा गैरसमज बराच पसरला आहे. ते द्रावण नायट्रोजन ऑक्साइडसाठी असते, काजळीशी त्याचा संबंध नाही.

काढूनच टाकला तर?

काही गॅरेजमध्ये फिल्टर पोकळ करून संगणकाची आज्ञावली बदलून देतात. गाडी पळू लागते, खर्चही कमी. मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा फेरफार करता येत नाही, आणि प्रदूषणाचे निकष मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराची घनता मोजतात, सूक्ष्म कण नव्हे. त्यामुळे अशी गाडी अनेकदा उत्तीर्ण होते, आणि पुढे जुन्या बाजारात विकलीही जाते.

म्हणून बीएस-६ डिझेल गाडी जुनी घेणाऱ्याने इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून पाहावे. फिल्टर शाबूत असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघते. काळी काजळी लागली, तर फिल्टर फुटलेला किंवा काढलेला असण्याची शक्यता मोठी. आणि ज्यांचे रोजचे जाणे दहा किलोमीटरच्या आतले आहे, महिन्यातून एकदाही महामार्ग लागत नाही, त्यांनी डिझेलच्या मायलेजचा हिशेब बाजूला ठेवून पेट्रोल किंवा सीएनजीकडेच वळलेले बरे.