खारीला आकडी का येते?

वळवाच्या वाऱ्यात घरटे खाली येते आणि त्यातले एखादे उघड्या अंगाचे पिल्लू कोणाच्या तरी अंगणात सापडते. घरातली मुले ते उचलून बुटाच्या खोक्यात कापसावर ठेवतात, ड्रॉपरने दूध पाजतात. पिल्लू जगले तर काही आठवड्यांत ते खांद्यावर चढू लागते, ताटातले शेंगदाणे पळवू लागते. साऱ्या घराचा जीव त्याच्यावर जडतो. मग एके दिवशी सकाळी ते मागचे पाय ओढत चालताना दिसते, किंवा एकाएकी ताठ होऊन थरथरू लागते. शेजारी म्हणतात, "पिसाळली आहे, फेकून द्या." दुसरा कोणी म्हणतो, "कंबर मोडली, आता काही खरे नाही."

वाचकहो, घरात वाढवलेल्या खारीच्या बाबतीत हे दोन्ही निष्कर्ष बहुधा चुकीचे असतात. पण दोष शेजाऱ्यांना देण्याआधी माझी स्वतःची चूक सांगतो. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत एका शाळकरी मुलीने अशीच एक खार माझ्याकडे आणली होती. मागचे पाय लुळे. मी पाठीवरून बोट फिरवले, वरून पडून मार लागला असावा असे ठरवले आणि सूज उतरण्याचे औषध दिले. तिसऱ्या दिवशी आकड्यांवर आकड्या येऊन खार गेली. ती काय खात होती, हा साधा प्रश्न मी विचारलाच नव्हता. नंतर मुलीच्या आईने सांगितले, की शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया आणि बिस्किटे, दुसऱ्या कशाला ती तोंड लावत नसे. त्या एका वाक्यात रोगाचे निदान होते.

हा रोग म्हणजे कॅल्शियमची उणीव. शेंगदाणे, मका, सूर्यफूल, बिस्किटे या सगळ्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. वाढत्या खारीच्या आहारात कॅल्शियम निदान फॉस्फरसच्या बरोबरीने, शक्य तर दुप्पट असावे लागते. रानातली खार पाने, कळ्या, फळे, साली, किडे असे पन्नास प्रकार खाते आणि दिवसभर उन्हात असते, त्यामुळे 'ड' जीवनसत्त्व तिला आपोआप मिळते. घरातली खार पिंजऱ्यात. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन या कामी उपयोगाचे नाही, कारण 'ड' जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते.

रक्तातले कॅल्शियम कमी पडू लागले की शरीर ते हाडांतून काढून घेते. हाडे पोकळ आणि ठिसूळ होत जातात. लहान मुलांना मुडदूस होतो त्याच जातीचा हा प्रकार. पाठीचे मणके दबले की मागचे पाय लुळे पडतात. उडी मारताना मांडीचे हाडही मोडू शकते. हाडांतला साठाही पुरेनासा झाला की रक्तातले प्रमाण घसरते आणि मज्जातंतू बेलगाम होतात. मग थरथर, ताठरणे, आकडी. ज्यांच्या गोठ्यात व्यालेली गाय दुग्धज्वराने आडवी झाली आहे आणि शिरेतून कॅल्शियमची बाटली दिल्यावर काही वेळातच उठून उभी राहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना खारीबरोबर तिचा इतिहासही न्या. पाय एका क्षणात गेले की हळूहळू? कॅल्शियमच्या उणिवेत आधीचे काही दिवस खार सुस्त असते, उडी टाळते, उचलले की चिरकते, कारण हाडे दुखत असतात. पंख्याला धडकून किंवा वरून पडून मणका दुखावला असेल तर पाय त्याच घटकेला जातात. अशा वेळी डॉक्टर मागच्या पायाचे बोट चिमट्यात धरतात. पाय नुसता आखडला तर त्यावरून काही ठरत नाही, कारण मेंदूपर्यंत संवेदना पोहोचली नाही तरी पाय आखडू शकतो. पण खारीने मान वळवून पाहिले, चिरकली किंवा चावायला आली, तर संवेदना वर पोहोचते आहे आणि आशेला जागा आहे. एक्स-रे काढता आला तर फार बरे. उणिवेत हाडे फिकी, पुसट दिसतात. रक्त तपासणे मात्र अवघड. आपली पट्टेवाली खार जेमतेम शंभर ग्रॅमची, तिच्या अंगात सारे मिळून रक्त सहा-सात मिलीलिटर. त्यातून काढणार किती?

डोक्याला मार लागला असेल तर चित्र निराळे असते. मान एका बाजूला कलते, डोळ्यांची बुबुळे सारखी हलत राहतात, खार एकाच दिशेने गोल फिरते, नाकातून रक्त येते. नुसती मान कललेली असेल तर कानाच्या आत पू झालेला असू शकतो, त्याला प्रतिजैविक लागते. शेतात किंवा बागेत फवारणी झालेली असेल, तोंडातून लाळ गळत असेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर विषबाधेची शंका घ्यावी आणि फवारलेल्या औषधाची बाटली किंवा तिच्यावरचे नाव दवाखान्यात न्यावे. काही कीटकनाशकांवर अ‍ॅट्रोपिन हा उतारा आहे, पण वेळ फार थोडा असतो. अमेरिकेत खारींच्या मेंदूत रॅकून नावाच्या प्राण्याच्या जंताच्या अळ्या शिरतात आणि खार गोल फिरू लागते. तिकडच्या पुस्तकांत हे कारण ठळकपणे दिलेले असते. आपल्या रानात रॅकून नाही, तेव्हा त्या धास्तीने जंताची औषधे पाजत बसू नये.

आकडी आलेल्या खारीला काळोख्या, शांत खोक्यात मऊ कापडावर ठेवावे. तोंडात पाणी, दूध, मध काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. पिल्लू गार पडले असेल तर आधी ऊब, मग खाणे. गार पिल्लाला दूध पाजले तर ते पचत नाही. डोक्याला मार लागल्याची शंका असेल तर मात्र गरम पाण्याची बाटली लावू नका, आत सूज वाढण्याचा धोका असतो.

कॅल्शियमचे इंजेक्शन डॉक्टर पातळ करून, अगदी थोडे आणि सावकाश देतात. घाईने दिले तर हृदय बंद पडू शकते. माणसाच्या गोळीचा अंदाजाने तुकडा भरवणे म्हणूनच धोक्याचे. मात्रा वजनावर ठरवून घ्यावी. एका गृहस्थांनी खायचा चुना दिला होता, कारण चुन्यात कॅल्शियम असते! चुन्याने तोंड आणि अन्ननलिका भाजते.

इंजेक्शननंतर काही तासांत थरथर थांबते आणि घरचे लोक सुटकेचा श्वास टाकतात. खरा धोका इथेच आहे. खार बरी दिसते, पण हाडे अजून ठिसूळच असतात. तिला पुढचे काही आठवडे बुटक्या पिंजऱ्यात ठेवावे, चढण्या-उड्या मारण्याची सोय काढून टाकावी, डॉक्टरांनी ठरवलेले कॅल्शियम रोज चालू ठेवावे. शेंगदाणे आणि बिया बंद. शेवग्याची कोवळी पाने, इतर पालेभाज्या, अंजीर, थोडी फळे द्यावीत. पालक नको, त्यातले कॅल्शियम अंगी लागत नाही. सुरुवातीला ती उपोषण केल्यासारखी बसते आणि शेंगदाण्याकडे पाहते. अशा वेळी घरातल्या आजींना आवरणे हे डॉक्टरांच्या हातचे काम नाही. रोज थोडा वेळ सकाळचे कोवळे ऊन द्यावे, पिंजऱ्यात सावलीचा कोपरा ठेवावा आणि मांजरावर लक्ष असावे. पाय लुळे असतील तर लघवी तुंबते का आणि अंग ओले राहून कातडी सोलते का, हे रोज पाहावे.

अगदी लहान पिल्लाला गाईचे दूध सोसत नाही. हगवण लागते, अंगातले पाणी जाते आणि अशक्तपणाने थरथर सुटते. पिल्लू उबदार झाल्यावर आधी कोमट जलसंजीवनी थेंबाथेंबाने द्यावी. पुढचे दूध डॉक्टरांच्या सल्ल्याने. कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर बरी पडते.

आता पिसाळण्याविषयी. खार, उंदीर अशा लहान प्राण्यांत रेबीज जवळजवळ आढळत नाही. तरीही आकडीतली खार भान नसल्याने कडकडून चावते. चावली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-तिखट भरू नये आणि डॉक्टरांना दाखवावी. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे ते पाहतील. त्या खारीला आधी कुत्र्याने धरले होते का, हे त्यांना आवर्जून सांगावे, म्हणजे रेबीजच्या लशीचा निर्णय तेच घेतील.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. खार हा वन्यप्राणी आहे, तो घरी पाळायचा नसतो. पिल्लू सापडले आणि अंगावर जखम नसेल तर प्रथम त्याच झाडाखाली उंचावर टोपलीत ठेवून दुरून पाहावे. आई पुष्कळदा येऊन तोंडात धरून घेऊन जाते. आई आली नाही किंवा पिल्लू जखमी असेल, तर वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि तोवर गुरांच्या दवाखान्यात दाखवावे. जाताना ते काय खाते ते कागदावर लिहून न्या, नाही तर सरळ पुडीतच बांधून न्या.