किल्ल्यावरच्या मावळ्यांचा भाव

दसरा उलटला की ठाण्याच्या जांभळी नाक्यावर, कल्याणच्या शिवाजी चौकाच्या आसपास आणि डोंबिवली स्टेशनबाहेर पणत्यांच्या शेजारी मावळे उभे राहतात. बोटभर उंची, कमरेला लाल शेला, हातात भाला म्हणून खोचलेली तार. दिवाळीत मुलं दगडमातीचा किल्ला करतात, त्यावर मांडायची ही ‘चित्रं’.

त्यांचे भाव लक्ष देऊन ऐकण्यासारखे असतात. साधा मावळा सगळ्यांत स्वस्त, पण तो एकेकटा घेण्यापेक्षा अर्धा डझन घेतला तर परवडतो. घोडेस्वार आणि तोफ त्याहून महाग. सिंहासनावरचे शिवाजी महाराज एकटेच कित्येक मावळ्यांच्या किमतीचे, आणि त्यांच्यावर घासाघीस करायला गिऱ्हाइकाची जीभ रेटत नाही. ती सगळी मावळ्यांवर होते.

हाच हिशोब इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप ही कंपनी करते. 1975 साली सुरू झालेल्या या कंपनीचा ‘वॉरहॅमर’ हा टेबलावर छोटं सैन्य मांडून खेळायचा युद्धखेळ 1983 मध्ये आला. तिथेही सेनापतीची एकच बाहुली भारी किमतीची असते आणि सुरुवातीचा संच सुट्या खरेदीपेक्षा स्वस्त पडतो. सैनिक मिळतात ते बिनरंगाचे, सुट्या तुकड्यांत. डिंक, कुंचले, रंग वेगळे घ्यायचे. दुकानातली माणसं रंगवायला आणि खेळायला फुकट शिकवतात, आणि एकदा स्वतःच्या हाताने सैनिक रंगवला की गिऱ्हाईक सहसा सुटत नाही. खेळाच्या नियमांची नवी आवृत्तीही दर काही वर्षांनी येत राहते. डिसेंबर 2024 मध्ये ही कंपनी लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभरांच्या निर्देशांकात जाऊन बसली.

आपल्याकडे परदेशी खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर गेलं, 2023 मध्ये 70 टक्के झालं. वॉरहॅमरचा खोका घेताना डोंबिवलीतल्या नोकरदार घरात चार वेळा विचार होणारच. मातीच्या मावळ्याला हा भार नाही.

त्याला नव्या आवृत्तीचीही गरज पडत नाही. किल्ल्यावर हिरवळ यावी म्हणून हळीव किंवा मोहरी पेरतात आणि रोज पाणी शिंपडतात. ते उतारावरून ओघळत मावळ्यांच्या पायांशी साचतं, घोट्यापासून रंग सुटतो, खालची पांढरी माती दिसू लागते. तलवारीचा हात तर मनगटाशी मोडतोच. पुढच्या वर्षी चार-सहा मावळे नवे आणावेच लागतात.

जाहिरात मात्र कुणी करत नाही. दिवाळीची सुट्टी आणि सोसायट्यांतल्या किल्ले स्पर्धा ते काम करतात. कल्याणच्या मुलांना तर दुर्गाडी किल्ला चालत जाऊन पाहता येतो. 1657 मध्ये महाराजांनी कल्याण घेतलं आणि इथल्याच खाडीवर मराठी आरमाराची सुरुवात झाली. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे समुद्रातले आणि समुद्रकाठचे किल्लेही आहेत. असा किल्ला करायला घेतला की गलबतं लागतात. विक्रेत्यांच्या पाटीत ती क्वचितच दिसतात, म्हणून मुलं वहीच्या कागदाची करतात. मूर्तिकारांनी मातीची छोटी गलबतं घडवावीत, ती हातोहात खपतील असं मला मनापासून वाटतं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी भाव उतरतो, कारण त्यानंतर किल्ल्याचं गिऱ्हाईक फिरकत नाही. सकाळी अर्ध्या डझनाला सांगितलेल्या पैशांत आता डझनभर मावळे मिळतात. महाराजांचा भाव तेवढा रात्री पाटी आवरेपर्यंत तोच असतो.